पायडल-होडीचे सुकाणू : गतीइतकीच दिशाही महत्त्वाची



पायाच्या बळावर चालणारी होडी गावातल्या गावात तयार होऊ शकते, हे आता सिद्ध करून दाखविण्याची गरज राहिलेली नाही. १९७५ साली बिहारमध्ये महापूर आला, तेव्हा मोतीहारी येथील मोहम्मद सैदुल्ला यांनी साध्या सायकलीला हवेचे तरंगते डबे जोडले, मागच्या चाकाच्या आऱ्यांवर पाती बसविली आणि जमिनीवर व पाण्यावर सारखीच चालणारी सायकल तयार केली. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने जीवनगौरव पुरस्कार देऊन त्यांच्या कल्पकतेची दखल घेतली. पिंपे, बांबू, जुन्या सायकलीची साखळी आणि पत्र्याची पाती एवढ्या सामग्रीतून अशी वाहने निर्माण करणारे हौशी कारागीर देशाच्या अनेक भागांत आढळतात.

अशी होडी प्रथम पाण्यात उतरते, तेव्हा काठावर जमलेल्या लोकांचे सारे लक्ष तिच्या गतीकडे असते. ती पुढे सरकली की प्रयोग यशस्वी झाला, असे मानले जाते. परंतु होडीचा खरा कस लागतो तो वाऱ्याची झुळूक आडवी आल्यावर, धक्क्याला लागताना, किंवा समोर अचानक दुसरी होडी आल्यावर. हवी तेव्हा न वळणारी होडी कितीही वेगाने चालली, तरी तिच्यातून शाळेतील मुले किंवा आजारी माणूस पैलतीरी नेणे धोक्याचेच ठरते. म्हणून घरी बनविलेल्या पायडल-होडीचे सुकाणू कसे सुधारावे, हा विषय केवळ छंदाचा नाही, तर जलाशयांच्या आणि खाड्यांच्या काठी राहणाऱ्या प्रत्येक गावाच्या सुरक्षिततेचा आहे.

जमीन आणि पाणी

सायकल वळते ती पुढच्या चाकाने जमीन घट्ट धरून ठेवल्यामुळे. पाण्यात अशी पकड मिळत नाही. तेथे होडी वळवावयाची, तर वाहत्या पाण्याला एका बाजूस ढकलावे लागते, आणि पाणी तितक्याच जोराने पात्याला विरुद्ध बाजूस ढकलते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे हे रोजच्या वापरातले उदाहरण होय. सायकलीचे पुढचे चाक नुसते पाण्यात सोडले, तर आऱ्यांमधून पाणी निसटून जाते आणि जोर फारसा मिळत नाही. त्याच चाकावर पत्र्याची गोल तबकडी बसविली की फरक लगेच जाणवतो, तो याच कारणामुळे.

यातून दुसरी गोष्टही स्पष्ट होते. सुकाणूवरून पाणी वाहत नसेल, तर सुकाणू निरुपयोगी असते. आणि पाण्याचा हा जोर गतीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. गती दुप्पट झाली तर जोर चौपट होतो. गती निम्मी झाली तर तो चौथाईवर येतो. निरोगी माणूस तासभर सातत्याने पायडल मारून साधारणपणे ७५ ते १०० वॅट शक्ती देऊ शकतो. म्हणजे एका अश्वशक्तीचा जेमतेम आठवा ते दहावा भाग. एवढ्या शक्तीवर साधी होडी ताशी पाच-सहा किलोमीटरच्या आसपास चालते. मोटार-होडीचे सुकाणू पाहून त्याच मापाचे सुकाणू पायडल-होडीला लावले की ते अपुरे पडते, याचे मूळ या मंद गतीत आहे.

आधी निदान, मग उपाय

‘होडी नीट चालत नाही’ या एका वाक्यात दोन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. एक म्हणजे होडी वळत नाही. दुसरी म्हणजे होडी सरळ जात नाही, सारखी डावी-उजवीकडे भरकटते. या दोहोंचे उपाय भिन्न आहेत, कित्येकदा परस्परविरोधीही आहेत. वैद्याने नाडी न पाहता औषध द्यावे, तसे पहिल्या तक्रारीवरचा उपाय दुसरीवर केला, तर दोष वाढतो. म्हणून कारागिराने करवत हाती घेण्यापूर्वी होडी शांत पाण्यात चालवून कोणती तक्रार आहे ते ठरविले पाहिजे.

सुकाणूची जागा

होडी वळत नसेल, तर प्रथम सुकाणूची जागा तपासावी. पिंपांवर बांधलेल्या तराफ्यांत एक चूक वारंवार आढळते. सुकाणू पिंपाच्या अगदी मागे लावलेले असते. पिंपाचे तोंड बोथट असल्यामुळे त्याच्यामागचे पाणी भोवऱ्यात अडकते आणि होडीबरोबरच ओढले जाते. अशा मेलेल्या पाण्यात सुकाणू कितीही फिरविले तरी उपयोग होत नाही. दोन पिंपांच्या मधल्या मोकळ्या वाटेत, जेथून पाणी सरळ वाहते, तेथे तेच सुकाणू हलविले, तर एकही रुपया खर्च न होता सुधारणा होते.

पाण्याखाली पंखा असलेल्या होडीत सुकाणू पंख्याच्या थेट मागे असावे. पंख्याने मागे फेकलेल्या पाण्याची गती होडीच्या गतीपेक्षा अधिक असते. त्यामुळे होडी जागेवर उभी असतानाही दोन-चार पायडल मारून तिचे तोंड फिरविता येते. धक्क्याजवळ याचा मोठा उपयोग होतो. जेथे पंख्याऐवजी पात्यांचे चाक आहे, तेथे मागे फेकलेले पाणी पृष्ठभागालगत वाहते. म्हणून सुकाणूचा वरचा भाग त्या प्रवाहात आणि खालचा भाग स्वच्छ पाण्यात राहील, अशी रचना करावी. काही कारागीर पंख्याचा खांबच फिरता करतात. त्याने उत्तम वळण मिळते, पण पायडल थांबताच दिशेवरील ताबाही सुटतो. अशा होडीत लहानसे वेगळे सुकाणू ठेवणे शहाणपणाचे ठरते.

सुकाणू होडीच्या मध्यापासून जितके दूर, तितका तरफेचा लाभ अधिक. म्हणूनच ते अगदी पिछाडीला बसविण्याची प्रथा पडली. चीनमध्ये सापडलेल्या, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील मातीच्या नौकाप्रतिमेतही पिछाडीचे सुकाणू दिसते.

पात्याचे आकारमान

पाते किती मोठे असावे, याचा अंदाज एका सोप्या हिशेबाने करता येतो. होडीची पाण्यातील लांबी आणि ती पाण्यात जितकी खोल बुडते ती खोली, यांचा गुणाकार करावा. मोठ्या जहाजांवर या गुणाकाराच्या साधारणपणे साठाव्या हिश्श्याइतके सुकाणू पुरते, कारण त्यांची गती मोठी असते. मंद पायडल-होडीसाठी विसाव्या हिश्श्यापासून सुरुवात करणे योग्य होय. समजा, होडी ४ मीटर लांब आहे आणि २५ सेंटिमीटर बुडते. गुणाकार १ चौरस मीटर झाला. साठावा हिस्सा म्हणजे सुमारे १६७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताहून थोडे मोठे पाते. विसावा हिस्सा मात्र ५०० चौरस सेंटिमीटर होतो, म्हणजे २० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर खोल पाते.

या दुसऱ्या पात्यावर ताशी सुमारे साडेपाच किलोमीटर गतीला, पुरेसे वळविले असता, चार-साडेचार किलो वजनाइतका आडवा जोर मिळू शकतो. गती निम्मी झाली की तो एक किलोच्या आसपास राहतो. आता दुसरी बाजू पाहावी. माणसे आणि छत मिळून २ चौरस मीटर भाग वाऱ्यासमोर आला आणि ताशी २० किलोमीटरचा वारा आडवा वाहू लागला, तर तो वाराही होडीला जवळजवळ चार किलोच्या जोराने ढकलतो. पायडल मंदावताच वाऱ्याचा जोर सुकाणूवर मात करतो, तो यामुळे. छत पुढच्या टोकाकडे बांधले असेल, तर वाऱ्याला तरफेचाही लाभ मिळतो. म्हणून छत शक्य तो मध्याच्या थोडे मागे आणि बुटके ठेवावे. सुकाणू मोठे करण्यापेक्षा छत मागे सरकविणे कित्येकदा अधिक गुणकारी ठरते.

पात्याची घडण

क्षेत्रफळ सारखेच असले, तरी रुंद आणि उथळ पात्यापेक्षा अरुंद आणि खोल पाते थोड्या वळणात अधिक जोर देते. परंतु ते गाळात रुतण्याची व दगडाला आपटण्याची भीती असते. यावर मध्यम मार्ग असा की, पात्याच्या वरच्या भागी बिजागरी ठेवून ते मागच्या बाजूस उचलले जाईल अशी सोय करावी. खाली ठेवण्यासाठी सायकलीच्या जुन्या ट्यूबची पट्टी पुरते. दगड लागला की पाते मागे उचलले जाते आणि अडथळा संपताच पूर्ववत खाली येते. जलपर्णी असलेल्या नद्यांत आणि तलावांत पात्याची पुढची कड थोडी मागे झुकती ठेवावी, म्हणजे वेली त्यावर न अडकता खाली घसरून जातात.

सपाट फळीही काम देते. पण पुढची कड गोल आणि मागची कड निमुळती केली, तर पाणी पात्याला अधिक काळ चिकटून वाहते आणि होडीची गतीही कमी खर्च होते. एक रंधा, एक कानस आणि एक दुपार एवढाच याला खर्च. पात्याचा माथा पूर्णपणे पाण्याखाली असावा. तो पृष्ठभागावर आला की हवा खाली ओढली जाते आणि जोर एकाएकी नाहीसा होतो.

सुकाणू फिरविताना हात दुखत असतील, तर आसाची जागा बदलावी. आस अगदी पुढच्या कडेला असला, तर पाण्याचा सगळा दाब हातावर येतो. रुंदीच्या साधारण पाचवा हिस्सा आसाच्या पुढे ठेवला, म्हणजे २० सेंटिमीटर रुंद पात्यात ४ सेंटिमीटर, तर हे ओझे बरेच हलके होते. चौथ्या हिश्श्यापलीकडे मात्र जाऊ नये. तसे केल्यास सुकाणू आपण होऊन एका बाजूस झेपावू लागते. सुकाणू जितके अधिक वळवावे तितकी होडी अधिक वळेल, हाही समज बरोबर नाही. एका मर्यादेनंतर पाणी पात्यापासून सुटते आणि पाते केवळ अडथळा बनते. जहाजांवरही सुकाणूचे वळण सामान्यतः ३५ अंशांपुरतेच मर्यादित असते. त्या कोनावर दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून घेतल्या की घाबरलेल्या चालकाच्या हातूनही सुकाणू आडवे होत नाही.

सरळ न जाणारी होडी

होडी भरकटत असेल, तर सुकाणूला हात लावण्यापूर्वी वजनाची मांडणी पाहावी. पुढचे टोक खाली दबले असेल, तर होडी हमखास भरकटते. एकदा वळू लागली की वळतच राहते. दोन माणसांपैकी जड माणसाने मागे बसावे, सामान मागे सरकवावे आणि पिछाडी किंचित अधिक बुडलेली ठेवावी. पुष्कळदा एवढ्यानेच तक्रार मिटते.

तरीही सपाट तळाची होडी पाण्यावर घसरत राहिली, तर पिछाडीखाली, सुकाणूच्या पुढे, एक स्थिर उभे पाते बसवावे. बाणाला मागे पिसे जे काम करतात, तेच काम हे पाते करते. मात्र ते फार मोठे केले, तर होडी सरळच जाते आणि वळण्याचे नाव घेत नाही. म्हणून आधी ते थोडे मोठे करावे आणि चाचणी घेत कापत जावे.

हातापासून सुकाणूपर्यंत

पाते उत्तम असूनही मधली जोडणी ढिली असेल, तर सारे व्यर्थ जाते. सुकाणू एका हाताने घट्ट धरावे आणि दांडा हलवावा. दांडा बोटभर फिरला तरी पाते जागचे हलत नसेल, तर तेवढा ढिलेपणा आहे असे समजावे. नायलॉनची दोरी ताणली जाते. तिच्याऐवजी तारेची दोरी वापरावी. सायकलीच्या ब्रेकची तार ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून अशा तारा दोन लागतात, एक डावीकडे ओढणारी आणि एक उजवीकडे. सुकाणूच्या माथ्यावरील आडवी पट्टी फार आखूड नसावी. आस दोन ठिकाणी, वर आणि खाली, धरलेला असावा. खाडीच्या खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमला पितळेचे किंवा तांब्याचे बोल्ट लावू नयेत. दोन धातूंच्या संयोगाने ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते.

दिशेचा गोंधळ हाही अपघाताला कारणीभूत होतो. सुकाणूला थेट जोडलेला दांडा डावीकडे नेला, तर होडी उजवीकडे वळते. तांडेलांच्या ते अंगवळणी पडलेले असते. पण सायकल चालविणाऱ्या नवख्या माणसाचा ऐन वेळी घात होतो. म्हणून सर्वांच्या वापरातील होडीत दोऱ्या अशा जोडाव्यात की, हात डावीकडे तर होडीही डावीकडे. वळताना पुढचे टोक आत येते, पण पिछाडी बाहेर फेकली जाते, हेही प्रत्येक चालकाला शिकविले पाहिजे. धक्क्याला होडी घासण्याचे ते एक प्रमुख कारण आहे.

चाचणीची वही

सुधारणा झाली की नाही, हे अंदाजाने ठरवू नये. शांत व कमी खोल पाण्यात, सुमारे वीस-वीस मीटर अंतरावर तीन बांबू रोवावेत. होडी त्यांच्यामधून नागमोडी चालवावी. नंतर पूर्ण फेरी मारून ती किती होडी-लांबींच्या वर्तुळात वळते ते मोजावे; एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पायडल मारीत असताना, पायडल थांबविल्यावर आणि पूर्ण भार घेतल्यावर अशा तिन्ही स्थितींत ही मोजणी करावी. शांत पाण्यात जमल्यावर मंद वाऱ्यात तीच चाचणी पुन्हा घ्यावी. एका वेळी एकच बदल करावा आणि तो तारखेसह वहीत नोंदवावा. दोन बदल एकदम केले, तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा, हे कळत नाही.

शाळांतील विज्ञान-शिक्षकांना ही वही फार उपयोगी पडेल. तरफ, क्रिया-प्रतिक्रिया, गतीचा वर्ग, क्षेत्रफळ आणि कोन हे सारे पाठ्यपुस्तकातील विषय येथे पाण्यावर उतरतात. मुलांनी काठावर उभे राहून मोजमाप घ्यावे. होडीत मात्र प्रौढ आणि पोहता येणारी माणसेच असावीत.

पंचायतीचे कर्तव्य

गावात अशी होडी तयार झाली, तर तिचे कौतुक करणे एवढेच पंचायतीचे काम नाही. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये यंत्रशक्तीविना चालणाऱ्या जलयानांसाठी स्वतंत्र प्रकरण असून, त्यांच्या नोंदणीचे काम पंचायत पातळीपर्यंत सोपविण्याची तरतूद आहे. गावातील होडी कोणत्या वर्गात मोडते आणि कोणाची परवानगी लागते, हे संबंधित कार्यालयाकडून समजून घेऊन मगच तिचा सार्वजनिक वापर सुरू करावा. त्यासोबत काही साधे नियम गावानेच घालून घ्यावेत. प्रत्येक माणसामागे एक तरंगजाकीट असावे आणि ते अंगावर घातलेले असावे, फळीखाली ठेवलेले नव्हे. भाराची मर्यादा होडीवर रंगाने लिहावी. एक वल्हे सदैव बरोबर असावे. सुकाणू मोडले, तर पिछाडीला धरलेले तेच वल्हे सुकाणूचे काम देते. पूर, वादळी वारा आणि अंधार यांत होडी बाहेर काढू नये. वळणाच्या चाचणीत नापास झालेल्या होडीत एकही प्रवासी बसू देऊ नये, मग ती कितीही वेगवान असो.

शेवटचा हा नियम पाळणे सर्वांत कठीण असते. होडी बनविणारा कारागीर आपल्याच गावचा असतो, त्याने पदरमोड केलेली असते, आणि पैलतीरी जाण्याची लोकांना घाई असते. अशा वेळी ‘आणखी एक चाचणी होऊ द्या’ असे म्हणणारा पंचायत-सदस्य काही काळ अप्रिय होईल. पण त्या आग्रहातच कारागिराच्या श्रमाचा खरा सन्मान आहे. त्याच्या होडीला पायडलने गती दिलेलीच आहे. छत थोडे मागे सरकवून, पाते थोडे मोठे करून आणि दोऱ्या ताणून घेऊन तिला दिशाही मिळू शकते. हे काम आठवड्याभराचे आहे आणि गावच्या सुताराच्या आवाक्यातले आहे. ते पूर्ण झाल्यावरच होडी लोकांच्या स्वाधीन करावी.